फुकटचा पहिला तास

सुलक्षणाने घरी केलेल्या नागलीच्या सत्त्वावर तिच्या लेकीने छान बाळसं धरलं होतं, पण साक्रीच्या बाजारात त्याच्या पुड्या काही खपत नव्हत्या. “माल सोन्यासारखा आहे गं, तुलाच विकता येत नाही,” म्हणत तिच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, तिला धुळ्याला विक्री प्रशिक्षणाच्या फुकटच्या पहिल्या तासाला पाठवलं. पटलं तर पुढचा वर्ग लावायचा.

तिथले सर अत्तरात बुडून आलेले. म्हणाले, “गिऱ्हाइकाला आधी धास्ती द्यायची, मग वस्तू. समोर आई असेल तर काम आणखी सोपं.” मग सुलक्षणाच्या मांडीवरच्या लेकीकडे बघून त्यांनी चेहरा पाडला. “ताई, वजन कमी वाटतं हो हिचं!”

तिच्या काळजात धस्स झालं. सगळा हॉल हसला आणि सरांनी डोळा मारला.

तिला अशी शिसारी आली की चहाही न घेता ती उठली. “आयांच्या काळजावर पाय देऊन विकण्यापेक्षा पुड्यांना जाळी लागलेली बरी,” तिने घरी येऊन ठणकावलं. वर्ग लावायचा नाही, ठरलं.

पुढच्या बाजारी एका बाईने पुडी उचलली, हुंगली आणि परत ठेवली. “राहू द्या ताई, पुढला बाजारले लिसू.”

तिच्या कडेवरच्या पोराकडे बघत सुलक्षणा बोलून गेली, “वजन कमी वाटतं हो याचं!”

बाईचा चेहरा उतरला. घाईघाईने तिने तीन पुड्या घेतल्या.



पोरगं चांगलं गुटगुटीत होतं.