सोळा किलो

चपला, घड्याळ, शेवटी केसांतला चिमटाही काढून मी दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढले. सातव्या महिन्यापर्यंत सोळा किलो वाढले होते. "चिमटा राहिला असता तरी चाललं असतं," सिस्टर म्हणाल्या.

मागे रांगेत ती उभी होती, दर तपासणीला इथे भेटणारी. तिलाही सातवाच, पण पोट जरा जास्त जेवल्यासारखं. तीन महिने मी तिची प्रेमाने विचारपूस करत होते आणि ती फुगण्याची वाट बघत होते.

ती पर्स कवटाळूनच काट्यावर चढली. सिस्टरनी पर्स काढून घेतली. आत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या.

"बाळाचं वजन वाढत नाहीये म्हणतात," ती पुटपुटली. मग माझ्या फायलीतला आकडा बघून तिने विचारलं, "काय खाता हो तुम्ही?"

त्यात मी सवयीने टोमणा शोधला. सापडला तो निव्वळ हेवा.