अठरा दिवे

"आबा, आज खेळाचं मशीन जरा तापलंय. उद्या जाऊ या का?" सुनेनं दारातूनच विचारून पाहिलं.

"तापलं असेल तर फुंकर घाल," सासरे म्हणाले. "मी ताट चाटूनपुसून बसलोय. खोटं वाटत असेल तर भांड्यांना विचार."

चष्म्याच्या दुकानात माल मोजायचा म्हणून आज तिला लवकर बोलावलं होतं, आणि तिचा सकाळचा तास बुडाला होता. त्या तासाला आबा बागेत फिरायला जात आणि ती पडद्यावरच्या ग्रहावर एक दिवा रोवून येई.

खेळ तिच्या नवऱ्याचा. यानातून उतरायचं, परका ग्रह पायी धुंडाळायचा, खुणेला दिवा रोवायचा, दिव्यावर हवं ते लिहायचं. तो गेला त्याला दीड वर्ष झालं. आबांनी शिवणयंत्रावर चादर टाकली ती टाकलीच. अन्नावरची वासनाही उडाली. ती स्वतः तर पलंगावरून उठत नव्हती. एके दिवशी आबाच उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "तो तिकडे दिवे लावायचा म्हणे. मला दाखव की. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ती उठली. आणि खरंच, काळ्या सुळक्यांच्या पायथ्याशी एक दिवा तेवत होता.

*दगडांच्या देशी*
*पाऊल जपून*
*दिवा मी लावून*
*पुढे गेलो*

कडे चढता, दऱ्या उतरता दिवसाला एकच दिवा हाती लागे. अठरा दिवस, अठरा दिवे. आबा दोन घास जेवू लागले, ती कामावर जाऊ लागली. एकोणिसाव्या दिवशी पुढे नुसता खडक. "संपली वाटतं वाट," आबा म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. ते अर्धं ताट तिच्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून दिवे ती लावू लागली, ओव्या ती जुळवू लागली.

नवऱ्याची एक खोड तिनं हेरून ठेवली होती. त्या ग्रहावर वारा नाही. उमटलेलं पाऊल पुसत नाही. प्रत्येक दिव्यापाशी ठसे दहा पावलं पुढे जात, मग पाच मागे येत, आणि तिथे दिवा असे. वळून यान बघत असेल, तिला वाटे. तीही तसंच करी. आबांना शंका नको.

तिनं रिमोट उचलला. त्याची वायर शिंप्याच्या टेपसारखी गोल गुंडाळलेली होती. आबांना काही मोकळं पडलेलं कधी खपलंय!

आबा शेजारी टेकले. मांडीवर तिचा कोट, उसवलेली बाही, हातात सुई.

"तुमचे चिरंजीव शिंप्याच्या घरात जन्मून बटण लावायला मला हाक मारायचे," ती म्हणाली. तेवढाच वेळ निघेल.

"सुई दिसली की पळायचा. जसा मी टोचायलाच बसलोय." आबा हसले. "चल, चढ."

ती चढू लागली. नजर मात्र सुईवर. "टाका पुढे घालून परत मागे कशाला आणता, आबा?"

"नुसतं पुढेच पळालं की उसवतं, पोरी. थोडं मागे यावं, मग पुढे जावं. याला टीप म्हणतात. जन्मभर धरून राहते."

माथा जवळ आला. आज दिवा सापडत नाही, हे कसं सांगायचं ते तिनं मनात जुळवलं. आबांचं उद्याचं ताट तिच्या डोळ्यांपुढे आलं.

माथ्यापलीकडे दिवा लागलेला होता.

तिची बोटं थांबली.

"वाच की," आबा मान वर न करता म्हणाले. "माझा चष्मा जवळचा."

तिनं वाचलं.

*थकली ती पोर*
*उसंत घेऊ दे*
*आजचा राहू दे*
*दिवा माझा*

आबांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि बाही हातानं सपाट केली.

तिनं दिव्यापाशी पाहिलं. दहा पावलं पुढे, पाच मागे. मग माथ्यावरून सावकाश मागे वळून पाहिलं. तिच्या स्वतःच्या दिव्यांच्याही पलीकडे, दूर काळ्या सुळक्यांपासून निघालेली पहिल्या अठरा दिव्यांची वाट आबांच्या हातची टीप घातल्यासारखी शिवलेली होती.