सुनेची अंगठी

लग्नात घातलेली हिऱ्याची अंगठी सहा वर्षांत एकदा बाईसाहेबांच्या बोटात दिसेल तर शपथ! सुनेचा हा तोरा उतरवायला सासू थेट तिच्या कारखान्यात धडकली. सून हिरे पारखत होती. समोरच्या दोन हिऱ्यांतला एक निम्म्या किमतीचा आहे म्हणाली, तशी सासू फणकारली, "सारखेच तर आहेत!"

"वरून, आई. याच्या पोटात चीर आहे. बघा भिंगातून."

सासूला घाम फुटला. तिनेही दोन सारख्या अंगठ्या घेतल्या होत्या. महागाची लेकीला, निम्म्या किमतीची सुनेला.

"म्हणून घालत नाहीस?"

"इथे सगळ्यांकडे भिंग असतं, आई. तुम्हाला नावं ठेवली असती."

सासूची मान वर होईना. "फार वाईट आहेस तू. भांडली असतीस, तर मला उलटून बोलता तरी आलं असतं."