डावीकडच्या बांगड्या

स्पीकरची नवी जोडी घरात आली की हेमकांत एकच रेकॉर्डिंग लावी. सोळा वर्षांपूर्वी कळसाडीला, त्याच्या स्वतःच्या लग्नात, मांडवात दोन माइक लावून घेतलेली बायकांची गाणी. स्टुडिओतल्या गाण्यावर स्पीकर पारखणारे अडाणी, असं त्याचं ठाम मत होतं.

या खेपेला शेजारचे उमाकांत सर तावडीत सापडले.

"डावीकडे बांगड्या आयका सर. तीन बायासन्या! मागे ताट पडनं, समजनं का? आते एक जण खोकली. याले म्हंतस साउंड!"

मयूरी चहा घेऊन दारात थांबली. सोळा वर्षांपूर्वीचा खोकला या माणसाला ऐकू येतो, आणि स्वयंपाकघरातून बायको चार हाका मारते ती काही ऐकू येत नाही.

सर मात्र गाणं ऐकता ऐकता हसू दाबायला लागले. "पण हेमकांतभाऊ, त्या बाया म्हणी काय ऱ्हायन्यात?"

"गाणं सोडा हो! बांगड्यासकडे ध्यान द्या."

मयूरीने चहा ठेवला आणि आवाज वाढवला. नवरदेवाला गाण्यातून शिव्या घालायचा मान मुलीकडच्या बायकांचा, आणि तिच्या आईने तो चांगलाच वसूल केला होता. खोली आईच्या खणखणीत आवाजाने भरली :

"हेमकांत नवरदेवना कान सुपडाएवढा, अक्कल राईएवढी!"

सगळा मांडव खो खो हसला. हेमकांतने डोळे मिटून घेतले.

"हासनं आयका सर, हासनं! उजवीकडथीन निंघस आणि पार डावीकडे जास!"