हलकं ट्यूनिंग

तेरावं झालं आणि पोलिसांनी गाडी सोडली. क्रेनने ती सर्जेरावांच्या गॅरेजच्या दारात उतरवली, तेव्हा त्यांची बहीण तिच्या चेपलेल्या दारावरून हात फिरवत राहिली. घाटातल्या वळणावर तिचा पोरगा ह्याच गाडीसकट दरीत गेला होता.

टर्बो बसवलेल्या गाडीच्या इंजिनाला किती जोर सोडायचा, हे लॅपटॉप लावून ठरवणं हा सर्जेरावांचा धंदा. येणारा जो तो म्हणायचा, "काका, फुल्ल ट्यूनिंग मारा!" सर्जेराव "मारलं बघ" म्हणायचे आणि गुपचूप हलकं मारायचे. पोरं हवेत तरंगत घरी जायची, पण धडधाकट जायची. ही थाप त्यांनी फक्त बहिणीला सांगितली होती. तिने हसत हसत ती लेकाला सांगितली.

"मामा, मला गंडवू नकोस," भाचा येऊन म्हणाला होता. "खरं फुल्ल दे, नाहीतर पुण्याला जाऊन करून घेतो." घरच्या पोराची गाडी परक्या गॅरेजात जाणार, हे सर्जेरावांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी दिलं.

"दादा," बहिणीने आता विचारलं, "त्याला तू हलकंच दिलं होतंस न्हवं?"

आयुष्यभर हलकं देऊन फुल्ल सांगणाऱ्या सर्जेरावांनी टेबलावरचा लॅपटॉप मिटला.

"व्हय," ते कसेबसे म्हणाले. "हलकंच."

बहिणीने पदर तोंडाला लावला. "मग माझ्याच पोराचं चुकलं म्हणायचं."