मक्याची राखण

ओतिलिया माझी थोरली बहीण. गेली दोन वर्षं ती मला ओळखत नव्हती. शेजारचा कुणी भला माणूस समजून अहो-जाहो करायची. थंडीबरोबर क्रौंच उतरले, तसं मी तिला रिओ ग्रांदेकाठच्या अभयारण्यात घेऊन गेलो. वाटलं, लहानपणीचे पक्षी बघून काही आठवलं तर आठवेल.

मक्याच्या शेतात शेकडो क्रौंच चरत होते. अभयारण्यात आता मका पेरतात तोच मुळी त्यांच्यासाठी. बांधावर फोटोवाले कॅमेरे लावून चिडीचूप उभे. मी थर्मासमधून तिच्यासाठी मक्याच्या पिठाचं गरम आतोले ओतत होतो. तेवढ्यात ती गाडीतून उतरली आणि गाडीच्या पत्र्यावर काठी बडवत ओरडली, "हाऽऽड! उठा मेल्यांनो! तुमच्या बापाचा आहे का मका?"

सगळा थवा एकदम उडाला.

"आजोबा, आवरा की आजींना! पहाटेपासून कुडकुडतोय आम्ही इथे," एक फोटोवाला खवळला. रखवालदार धावत आला आणि मला विचारू लागला, "पक्षी कुणी उठवले?"

"त्याला काय विचारता?" ओतिलियानं माझ्याकडे काठी रोखली. "मका राखायला बसवलं की हा झोपतो. सेल्सो, ऊठ मेल्या! आईनं बघितलं तर दोघांनाही मार बसेल."

मी डोळे पुसले आणि रखवालदाराला म्हणालो, "चूक माझीच साहेब. राखणीला मी होतो, जरा डोळा लागला."