एका शब्दाची जागा

शेफालीचा शब्द अजून आला नव्हता. माधवने लॅपटॉपवर पान पुन्हा उघडलं. शेवटच्या ओळीपुढचा चौकोन रिकामाच.

कविता त्याचीच होती. वाचकाने चौकोनात शब्द भरला की पुढची ओळ उघडायची. नाही भरला, तर कविता तिथेच ठप्प. हिंजवडीत दिवसभर परक्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माधवने पहिल्यांदाच बायकोसाठी काही लिहिलं होतं, तेही ती वारज्याला माहेरी निघून गेल्यावर. आधी सुचलं असतं तर नवलच!

पानाचा पत्ता त्याने फक्त उल्काला, त्याच्या बहिणीला दिला होता. तिने तो वहिनीकडे पोचवला.

"दादा, चौकोनात एकच शब्द मावतो रे," उल्का तेव्हा म्हणाली होती. "तिला जास्त बोलायचं असलं तर?"

"वाचकाला जास्त जागा दिली की तो डोक्यावर बसतो."

"घरातही हेच केलंस," उल्काने ऐकवलं.

आज शेफाली अमेरिकेतल्या नोकरीसाठी निघणार होती. दुपारी वारज्याहून गाडी, मग मुंबईहून विमान. उल्का सकाळीच तिला भेटायला तिकडे गेली होती. ती एकदा गेली की संपलं, हे माधवला पक्कं ठाऊक होतं. फोन करावा, तर फोनवर तो हमखास भांडायचा.

आधीच्या चौकोनांत तिने 'चहा' भरला होता, मग 'अबोला'. शेवटची ओळ होती : दार उघडंच आहे, एक शब्द तरी बोल.

त्याने पान परत उघडलं. चौकोन भरला होता.

'येते.'

माधव ताडकन उठला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. कर्वेनगरचा तो फ्लॅट त्याने कधी नव्हे तो झाडला, पलंगावर धुतलेली चादर घातली, दूध तापवलं. दार सताड उघडं ठेवलं.

समोरच्या फ्लॅटमधले रंगनाथकाका डोकावले. "काय माधवराव, कार्य आहे का घरात?"

"शेफाली येतेय, काका!"

"अरे वा! मग निदान लेंगा तरी बदला."

तो लेंगाही बदलून आला. खाली रिक्षा थांबली. त्याने गॅलरीतून वाकून पाहिलं. दुसरंच कुणीतरी उतरलं. गाडीची वेळ टळून गेली होती, पण 'येते' म्हणाली म्हणजे ती गाडीत बसली नसणार. मग अजून कशी पोचली नाही? वारजे काय लांब आहे?

फोन वाजला. उल्का होती.

"कुठपर्यंत आलात गं?"

"दादा, मी वारज्यालाच आहे. गाडी गेली रे मुंबईला. मी वहिनीला म्हटलं, निदान दादाला भेटून तरी जा. तर रडायलाच लागली. म्हणाली, त्याचा निरोप मी मगाशीच घेतला, त्याच्या कवितेत."